परांचीवरून पडणारा माणूस कुणाचा?

(राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त भंडारा येथे मिस्त्री, रेजा, ठेकेदार आणि घरमालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. कारखान्यांच्या फाटकांवर या दिवशी फलक लागतात, शपथ होते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. भंडारा जिल्ह्यात मात्र हा दिवस बांधकामाच्या ऐन हंगामात येतो आणि बांधकामावर फाटक नसते. फलक लावायला भिंतच अजून उभी व्हायची असते.

आपला जिल्हा धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. धान घरात आले की गावातला हात रिकामा होतो आणि घराघरांचे बांधकाम निघते. काल बांधीत विळा घेऊन वाकलेला माणूस आज बल्लीवर चढून विटा झेलतो. काल रोवणी करणारी बाई आज रेजा होऊन डोक्यावर घमेले घेते आणि बांबूच्या शिडीने पहिल्या मजल्यावर जाते. मातीत उभे राहण्याचे शिक्षण या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेले आहे. अधांतरी उभे राहण्याचे शिक्षण मात्र त्यांना कुणी, कधीही दिलेले नाही. जी मंडळी ठिय्यावर उभी राहून नागपूरची वाट धरतात, त्यांचीही गोष्ट याहून वेगळी नाही.

मोठे अपघात वर्तमानपत्रात येतात. २९ जुलै २०१६ रोजी पुण्याच्या बालेवाडीत तेराव्या मजल्यावरचा स्लॅब कोसळून ९ कामगार गेले. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जणांचा बळी गेला. हा महामार्ग आपल्या शेजारच्या नागपुरातूनच सुरू होतो. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्यातील बाळकुम येथे ४० मजली इमारतीच्या छतावरचे काम आटोपून खाली येणाऱ्या कामगारांची लिफ्ट तळघरात आदळली. ७ जण गेले. अशा वेळी मंत्री येतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते. बसू नये असे नाही. पण आपल्या जिल्ह्यातला माणूस असा घोळक्याने मरत नाही. तो एकटा पडतो. घरकुलाच्या लिंटेलवरून, राइस मिलच्या पत्र्यावरून, कवेलू फेरताना मोडलेल्या वाशावरून. त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. पोलीस ठाण्यात मर्ग दाखल होतो आणि कागद मिटतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज सांगतो की जगात दरवर्षी किमान ६० हजार माणसे बांधकामावरच्या अपघातांत मरण पावतात. अमेरिकेसारख्या यंत्रसज्ज देशातसुद्धा बांधकामावरील मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू उंचीवरून पडूनच होतात. उंची ही या धंद्यातली सर्वांत जुनी वैरीण आहे.

आता ही उंची किती? दहा मजले नव्हे. दहा फूट. दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर असतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर झालेला असतो. वीस फुटांवरून तोच वेग ३९ होतो. पाऊण सेकंदात माणसाला ओरडताही येत नाही, मग काही धरणे तर दूरच. ‘एवढ्याशा उंचीला काय होते’ हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येते. ते म्हणणाऱ्याने एकदा २८ च्या वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलवरून फरशीवर डोके आपटण्याची कल्पना करून पाहावी. अमेरिकेच्या कायद्याने बांधकामावर सहा फुटांच्या वर बचावाची व्यवस्था सक्तीची केली आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी दोन मीटरची मर्यादा होती. २००५ च्या नियमांनी तीही काढून टाकली. ज्या उंचीवरून पडून इजा होऊ शकते ती प्रत्येक उंची त्यांनी धोक्याची मानली. हा शहाणपणा परदेशी आहे म्हणून नाकारण्याचे कारण नाही. आपल्याकडचा जुना मिस्त्रीही नवख्या पोराला पहिले चार दिवस परांचीवर चढू देत नसे, खाली माल कालवायला ठेवत असे. ती रीत घाईत हरवली.

माणूस पडतो कुठून, हे नीट पाहिले तर बहुतेक जागा आधीच ठाऊक असलेल्या निघतात. पहिली जागा म्हणजे परांचीची फळी. दोन बल्ल्यांवर एकच फळी, तीही टोकाला हातभर बाहेर आलेली. मिस्त्री थापी मारत सरकत सरकत त्या टोकावर जातो आणि दुसरे टोक उचलले जाते. गेल्या वर्षीचा दोर यंदा पुन्हा वापरलेला असतो. उन्हापावसाने तो आतून कुजलेला असतो आणि वरून धड दिसतो. दुसरी जागा स्लॅबची कड. सेंट्रिंगच्या प्लेटा काढताना माणूस पाठमोरा मागे सरकतो. जिन्याची आणि लिफ्टची मोकळी जागा हे तिसरे ठिकाण. त्यावर एखादे पोते किंवा प्लायचा तुकडा टाकलेला असतो आणि तो झाकण आहे असे समजून कुणीतरी त्यावर पाय देतो. उघडे भोक एक वेळ परवडले, कारण ते दिसते. फसवे झाकण हा सापळाच असतो.

चौथी जागा खास आपल्या जिल्ह्याची. भंडारा-तुमसरकडच्या राइस मिला, गोदामे, जुनी गोठ्याची छपरे यांवर सिमेंटचे पत्रे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर गळती बुजवायला माणूस वर चढतो. हा पत्रा जुना झाला की काचेसारखा तडकतो. वरून तो भक्कम दिसतो, शेवाळाने काळा पडलेला असतो आणि खाली पंधरा-वीस फुटांवर यंत्र किंवा काँक्रीट. अशा पत्र्यावर थेट पाय न ठेवता खालच्या कैच्यांवर आडवी लांब फळी टाकून तिच्यावरूनच सरकायचे, एवढा एक नियम पाळला तरी कितीतरी जीव वाचतील. फळीला पैसे पडत नाहीत. ती साइटवरच असते.

आणखी एका शत्रूचे नाव या यादीत कुणी घेत नाही, तो म्हणजे वैशाख. विदर्भाचे ऊन मे महिन्यात ४५ अंशांना टेकते. अशा उन्हात लोखंडी प्लेट हाताला पोळते, अंगातले पाणी आटते, डोळ्यांपुढे अंधारी येते. जमिनीवरच्या माणसाला अंधारी आली तर तो बसतो. परांचीवरच्या माणसाला बसायला जागा नसते. सकाळी सहाला काम सुरू करून अकराला थांबवावे, पुन्हा चारनंतर चढावे, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. ठेकेदाराच्या वहीत मात्र दुपारचे ते पाच तास वाया गेलेले दिसतात. विजेच्या तारांचेही तसेच. घर रस्त्याला लागून वाढवत नेले की गच्चीवरच्या माणसाच्या हातातली सळई उच्चदाबाच्या तारेच्या टप्प्यात येते. धक्का लागतो आणि माणूस फेकला जातो. मरण विजेने आले की पडण्याने, एवढाच प्रश्न मग शवविच्छेदनाला उरतो.

येथे साहजिकच कुणी म्हणेल की सरकारने पेटी दिली आहे ना! महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ २०११ पासून काम करते. नोंदित कामगाराला मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो. त्यात हेल्मेट आहे, बूट आहेत, सुरक्षा पट्टाही आहे. भांड्यांच्या संचासाठी आणि या पेटीसाठी लोकांनी रांगा लावल्या, हे सर्वांनी पाहिले आहे. पेटी घरी येते, त्यातली बाटली आणि डबा वापरात येतो आणि पट्टा माळ्यावर जातो. यात कामगाराला दोष देणे सोपे आहे. पण तो पट्टा अडकवायचा कशाला? बल्लीला अडकवला तर माणसाबरोबर बल्लीही येईल. शिवाय या पट्ट्याचे एक गणित आहे आणि ते कुणी समजावून सांगत नाही. त्याचा दोर सुमारे सहा फुटांचा असतो. झटका शोषणारी पट्टी उलगडली की आणखी तीन-साडेतीन फूट जातात, त्याखाली माणसाची स्वतःची उंची आणि थोडे अंतर हाताशी. म्हणजे पायाजवळ अडकवलेला पट्टा नीट काम करायला खाली अठरा फुटांच्या आसपास मोकळी जागा हवी. बारा फुटांच्या घरकुलावर पट्टा घट्ट होण्याआधी जमीनच येते. नागपूरच्या सात मजली इमारतीवर पट्टा जीव वाचवील. डोक्याच्या वर, पक्क्या खांबाला अडकवला तर. मोहाडीच्या किंवा लाखांदूरच्या बैठ्या घरावर माणसाला वाचवणारी गोष्ट निराळी आहे. एका फळीऐवजी तीन फळ्या शेजारी शेजारी बांधून, कमरेच्या उंचीवर आडवा बांबू आणि पायाशी एक पट्टी. एवढा कठडा बांधायला दोन माणसांचा अर्धा दिवस लागतो. या अर्ध्या दिवसाची मजुरी कोण देणार, या एका प्रश्नावर सगळे अडते.

खंडेनवमीला मिस्त्री थापी, ओळंबा, करणी धुऊन मांडतो, हळदकुंकू वाहतो. विश्वकर्म्याची ही पूजा मनापासून होते. दत्तोपंत ठेंगडी वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. त्यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेला भारतीय मजदूर संघ तर विश्वकर्मा जयंतीच राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. श्रमाला देवत्व देणारी ही परंपरा थोर आहे. तथापि पूजेच्या पाटावर थापी असते, परांचीचा दोर नसतो. ज्या फळीवर जीव तोलायचा तिला वर्षातून एकदा तरी हातात घेऊन वाकवून, गाठी आणि चिरा पाहून मग पाटावर ठेवली, तर तीही पूजाच ठरेल.

कायद्याकडे वळू. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, कारखान्यातल्या कामगाराला स्वतंत्र कायदा मिळाला. त्याचा कारखाना बांधणाऱ्या माणसाला मात्र १९९६ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी मैदाने उभी राहिली. तेथील मजुरांची दशा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८२ चा तो निकाल गाजला. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला आणि त्यातून कल्याण निधी आला. हा पैसा राज्याराज्यांत पडून राहतो आणि मजुरापर्यंत पोहोचत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा कठोर शब्दांत कान उघाडणी केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यांत विलीन झाला.

परंतु या सगळ्या कायद्यांना एक उंबरठा आहे. दहापेक्षा कमी मजूर असतील तर सुरक्षेच्या तरतुदी लागू नाहीत. स्वतः राहण्यासाठी घर बांधणाऱ्याला १९९६ मध्ये १० लाखांपर्यंत सूट होती. नव्या संहितेत ती ५० लाखांपर्यंत गेली. ५० लाखांत भंडारा शहरात उत्तम दुमजली बंगला होतो. प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुलाला मिळणारे मूळ साहाय्य १ लाख २० हजारांचे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली जवळजवळ सर्व घरे कायद्याच्या नजरेआड उभी राहतात. गरिबाला घर बांधताना निरीक्षकाचा ताप नको, ही सूट देण्यामागची भावना चांगलीच आहे. पण त्या घरावर चढणारा माणूसही गरीबच असतो, याचा विसर पडला. घरकुलाच्या प्रत्येक हप्त्यासाठी पायाचे, लिंटेलचे, छताचे छायाचित्र घेतले जाते. त्याच छायाचित्रात परांचीचा कठडा दिसला पाहिजे, असे ग्रामसभेने ठरवले तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही. याच योजनेत गवंड्यांना ४५ दिवसांचे प्रशिक्षण देण्याची सोय आहे. आपल्या गावातले किती मिस्त्री तिकडे गेले, हेही सरपंचाला विचारता येते.

एक जुना कायदा मात्र हा उंबरठा मानत नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. इंग्रजांच्या काळातला हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. त्यात मजुरांच्या संख्येची अट नव्हती. इमारत एकाहून अधिक मजल्यांची असावी किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट असावी, इतकेच पुरे होते. रोजंदारीवरचा तात्पुरता माणूस त्यातून वगळला जाई, ती पळवाटही २००० च्या दुरुस्तीने बंद झाली. आता भरपाईचा हिशेब पाहा. जानेवारी २०२० पासून या कायद्याखाली मासिक वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार धरली गेली. तीस वर्षांचा मिस्त्री कामावर पडून गेला तर वेतनाच्या निम्मे, म्हणजे ७,५००, याला वयाच्या तक्त्यातील २०७.९८ ने गुणायचे. रक्कम होते १५ लाख ५९ हजार ८५०. तो जन्माचा अंथरुणाला खिळला तर हिशेब ६० टक्क्यांनी होतो आणि रक्कम १८ लाखांच्या पुढे जाते.

प्रत्यक्षात काय घडते? तेराव्याच्या आत गावातली चार वजनदार मंडळी बसतात. ठेकेदार त्याच गावचा, कधी त्याच भावकीतला. काल तोही मिस्त्रीच होता. वीस-पंचवीस हजारांवर ‘आपसात’ मिटते आणि विधवेचा अंगठा घेतला जातो. या कागदाला कायद्यात किंमत नाही. मृत्यूची भरपाई हातोहात देताच येत नाही, ती आयुक्ताकडे जमा करावी लागते; आणि हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल असतो, असे १९२३ च्या कायद्यानेच सांगून ठेवले. तेथे बसलेल्या चौघांपैकी एकालाही हे ठाऊक नसते, किंवा एकाला ठाऊक असते आणि तो गप्प बसतो. ‘प्यायलेला होता’ हे दुसरे हुकमी वाक्य. दारूचे समर्थन करण्याचे कारण नाही. प्यायलेल्याला परांचीवर चढू न देणे हे ठेकेदाराचे पहिले काम. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तेथे दारूची सबब भरपाई टाळण्यासाठी चालत नाही. ठेकेदारालाही यातून बुडण्याची गरज नाही. भरपाईच्या जबाबदारीचा विमा मिळतो. एका स्लॅबच्या पार्टीवर होणारा खर्च आणि त्या विम्याचा हप्ता यांची तुलना त्याने एकदा करून पाहावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हलगर्जीपणाने मृत्यू घडवण्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढली आहे, हेही त्याच्या कानावर असलेले बरे.

मंडळाच्या नोंदणीबद्दल एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला ग्रामसेवक देऊ शकतो. वय १८ ते ६० हवे. नोंदणी जिवंत असेल तर कामावरील अपघाती मृत्यूला ५ लाख आणि कायम अपंगत्वाला २ लाख मिळतात. भांडी मिळाली की पुष्कळ जण नूतनीकरण विसरतात. आणि ज्यांनी कधी विटेला हात लावला नाही अशांची नावे दाखले जोडून यादीत शिरतात, तेव्हा खऱ्या रेजेचा अर्ज ढिगाच्या तळाशी जातो. खोटा दाखला मागणारा आणि देणारा, दोघेही आपल्याच गावचे असतात.

शेवटी, माणूस पडलाच तर. आपल्याकडे चौघे धावतात, एक बगलेत धरतो, एक पाय उचलतो आणि घडी घालून त्याला ऑटोत कोंबतात. हेतू दयेचा, पण परिणाम पुष्कळदा भयंकर. पायावर पडलेल्या माणसाची टाच फुटते तेव्हा तोच दणका वर जाऊन पाठ आणि कंबर यांच्या सांध्यातला मणका चेपतो. मज्जारज्जू तोवर शाबूत असू शकतो. उचलताना पाठ वाकली की मोडलेले हाड त्यात शिरते आणि चालू शकणारा माणूस कायमचा लुळा होतो. म्हणून त्याला हलवू नये, पाणी पाजू नये, डोके दोन्ही हातांनी सरळ धरावे, पाय हलतात का ते विचारावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. हलवणे अटळच असेल तर चौघांनी एका दमात, ओंडक्यासारखा सरळ वळवून फळीवर घ्यावा. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटर आहे. हा प्रवास फळीवर सरळ झोपवून झाला पाहिजे.

कमरेखाली संवेदना गेलेला माणूस घरी परत येतो, तेव्हा खरी लढाई त्याच्या बायकोची सुरू होते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याची कूस बदलावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात आणि बहुधा त्याच जखमांतला किंवा लघवीच्या नळीतला जंतुसंसर्ग त्याचा जीव घेतो. दोन-तीन वर्षांनी येणारा तो मृत्यू कुणाच्याही लेखी परांचीवरचा नसतो. गावातल्या आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या परिचारिकेला अशा घरांची नावे ठाऊक असतात. येथे जमलेल्या तरुणांनी या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन ती नावे विचारावीत, नोंदणीचे कागद पाहावेत आणि रात्रीच्या एखाद्या पाळीला त्या बाईला झोपू द्यावे.